मंगा मुळातून वाचता यावी म्हणून

२०२१च्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याने जुन्जी इतो यांच्या ‘उझुमाकी’ या भयमंगेचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे वाचायला ठेवला आणि तो जाडजूड ग्रंथ मी तीन रात्रींत संपवला. तोवर मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, फक्त मुलांसाठी असतात एवढीच माझी समजूत होती. मी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठी झाले. आमच्या गावच्या वाचनालयात धारपांच्या पुस्तकांची पाने कोपऱ्यांशी हाताळून काळपट झालेली असत, आणि दिवेलागणीनंतर ती पुस्तके उघडायची नाहीत असा आईचा दंडक होता. भीतीचे सगळे प्रकार आपल्या ओळखीचे आहेत असे मला मनापासून वाटत असे. ‘उझुमाकी’त समुद्रकाठच्या एका लहानशा गावाला वर्तुळाकार वळणाचे, भोवऱ्याचे वेड लागते, आणि त्या वेडाला ना कारण आहे ना उतारा. धारपांच्या कथांत संकट कितीही अघोरी असले तरी त्याच्यासमोर उभा राहणारा कोणीतरी समर्थ असतो, मंत्र असतो, निदान एखादा जाणता माणूस असतो. इतोंच्या गावात मदतीला कोणीच येत नाही. दहाव्या वर्षी मला धारपांच्या त्या आधाराची गरज होती, आणि आजही तो आधार मला कमअस्सल वाटत नाही. मात्र चाळिशी ओलांडल्यावर ‘उझुमाकी’तले ते निराधारपण मला अधिक खरे वाटले. (माझ्या मते तिच्या सुरुवातीची सुटी प्रकरणे शेवटापेक्षा जास्त भयंकर आहेत, भोवरा जोवर एकेका घरात शिरत असतो तोवरच त्याची भीती वाटते.)

त्यानंतर मी मिळतील त्या मंगा इंग्रजीतून वाचू लागले. भारतात छापील अनुवादाचा एक खंड साधारण चारशे ते सहाशे रुपयांना पडतो, त्यामुळे बरीच पुस्तके पुतण्याकडून आणि त्याच्या मित्रांकडून उसनी आणली. अशाच एका पुस्तकात जपानी अक्षरांतला मूळ ध्वनिशब्द चित्रात तसाच ठेवलेला होता आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘शांतता’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापलेला होता. चित्र रिकाम्या खोलीचे होते. शांतता हा ध्वनिशब्द कसा असू शकेल, हे मला कळेना. आमच्या कार्यालयात जपानी कंपनीचे काम पाहणाऱ्या एका सहकारी बाईंना ते पान दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “याचा उच्चार ‘शीऽन’ असा आहे. कोणी काहीच बोलत नसले की तिकडे हा आवाज होतो.”

त्या दिवशी घरी परतताना मला एकसारखा ‘किर्र’ हा आपला शब्द आठवत राहिला. आपण ‘किर्र अंधार’ म्हणतो. अंधाराला आवाज नसतो, तरी रातकिड्यांचा सूर आपण त्याला कायमचा जोडून दिलेला आहे, आणि मराठी माणसाला ‘किर्र’ एवढे म्हटले तरी पुरते. हा शब्द इंग्रजीत नेऊन त्याच्याजागी नुसते ‘दाट’ ठेवले तर भयकथेतले काय उरेल, असा प्रश्न पडला आणि मंगा मुळातूनच वाचायची असे मी ठरवले. हा निर्णय मोठा होता. मी तेव्हा ४१ वर्षांची होते, पूर्णवेळ नोकरी करत होते, आणि शाळेनंतर कोणतीही नवी लिपी शिकले नव्हते.

पुण्यात जपानी शिकण्याची सोय शोधावी लागत नाही. जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याची जुनी मैत्री आहे, सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान त्याच मैत्रीतून उभे राहिले, आणि शहरात अनेक ठिकाणी वर्ग चालतात. जानेवारी २०२२मध्ये मी शनिवार-रविवारच्या वर्गात नाव घातले. पहिल्या पातळीचे शुल्क ९,५०० रुपये होते आणि करोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे पहिले दोन महिने शिकवणी पडद्यावरच झाली. वर्गात बहुतेक जण विशीतले, जपानला नोकरीसाठी जाऊ इच्छिणारे होते. आपण का शिकता असे सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, विचारले तेव्हा मी ‘भुताच्या गोष्टी वाचायला’ असे सांगितले, आणि त्यांनी ते अतिशय गंभीरपणे आपल्या वहीत लिहून घेतले. त्या क्षणापासून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटू लागला.

मराठी माणसाला जपानी व्याकरण अनोळखी वाटत नाही, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, शब्दयोगी अव्यये नामामागूनच येतात, आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या टोकाला ‘का’ लावायचा: ‘इकिमासु का’ म्हणजे ‘जाता का’. ‘छान आहे ना’ मधल्या ‘ना’ची जागा तिथे ‘ने’ घेतो. इंग्रजीतून विचार करून शिकणाऱ्यांना जे उलटे वाटते ते आपल्याला सुलटे वाटते, म्हणून नोंदी मराठीत काढाव्यात. मी सुरुवातीचे तीन महिने इंग्रजीत काढल्या आणि ते श्रम वाया गेले.

अडचण लिपीची होती. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत, आणि मंगेतले ध्वनिशब्द बहुधा काताकानात असतात. तिथे ‘शि’, ‘त्सु’, ‘सो’ आणि ‘न्’ ही चार अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात: एक लांब तिरपी रेघ आणि तिच्यासोबत एक किंवा दोन छोट्या रेघोट्या. ‘शि’ आणि ‘न्’ची लांब रेघ खालून वर ओढतात, ‘त्सु’ आणि ‘सो’ची वरून खाली, ‘शि’ला दोन रेघोट्या, ‘न्’ला एक. ज्या शब्दासाठी मी शिकायला निघाले होते तो ‘शीऽन’ हा शब्द याच गोंधळातल्या दोन अक्षरांचा बनलेला आहे, मधोमध लांबण दाखवणारी एक सरळ रेघ. मी तो शब्द वहीत पानभर लिहून काढला. चित्रकार ही अक्षरे कधी पसरून, कधी बारीक करून काढतो. चारपैकी कोणते अक्षर ते रेघेच्या ओढीवरून ओळखायचे असते, म्हणून अक्षरे नुसती पाहून पाठ करू नयेत, हाताने गिरवावीत.

पहिली परीक्षा, एन-५, मी ४ डिसेंबर २०२२ रोजी दिली. जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. एन-५ ही सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत कठीण पातळी. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, आणि तो भरताना घाई करू नये. ओळखपत्रावर नाव जसे आहे तसेच्या तसे अर्जात लिहावे, कारण तेच प्रमाणपत्रावर छापले जाते. माझ्या आधार कार्डावर वडिलांचे नाव मधे आहे आणि पारपत्रावर नवऱ्याचे, त्यामुळे कोणते ओळखपत्र दाखवायचे हे मला आधी ठरवावे लागले. अर्जात आपणच एक आठ आकडी संकेतांक निवडायचा असतो. तो पुढे निकाल पाहायला लागतो, म्हणून परीक्षेच्या प्रवेशपत्राच्या छायाप्रतीवर तो लिहून ठेवावा. केंद्र आणि पातळी मागाहून बदलून मिळेल असे गृहीत धरू नये.

एन-५ला ८० गुणांची आवश्यकता असते, एकूण १८० पैकी, ते मिळाले. त्याहून मोठा आनंद त्या वर्षी मिळाला तो जपानीतल्या पहिल्या पुस्तकाचा. मुलगा लहानपणी दूरचित्रवाणीवर हिंदीतून ‘डोरेमॉन’ पाहत असे, त्याचाच मूळ खंड मी सुरुवातीला घेतला. मुलांसाठीच्या मंगेत प्रत्येक कांजीशेजारी (म्हणजे चिनी चित्राक्षराशेजारी) तिचा उच्चार बारीक हिरागानात छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात, आणि नवशिक्याला त्यावाचून गत्यंतर नाही. प्रौढांसाठीच्या सेइनेन मंगांत तो बहुधा सगळीकडे नसतो. पुस्तक निवडताना विषयाआधी फुरिगाना आहे की नाही हे पाहावे, आणि चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी मोठ्या आकाराची आवृत्ती मिळते का तेही पाहावे. लहान आकाराच्या खंडात ती अक्षरे मोहरीएवढी असतात.

‘डोरेमॉन’चे निर्माते फुजिको एफ. फुजिओ आपल्या लेखनाला एस.एफ. (सायन्स फिक्शनचे लघुरूप) म्हणत, पण त्या अक्षरांचा विस्तार ते ‘सुकोशी फुशिगी’ असा करत: थोडेसे अद्भुत. विज्ञानकथेची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, आणि त्यांच्या कथांतून आम्हा वाचकांना जे मिळत गेले तेही याच जातीचे होते: ओळखीच्या घरातला, कचेरीतला माणूस, आणि त्याच्या आयुष्यात विज्ञानाने आलेली एकच विलक्षण गोष्ट. विश्वाचा संहार आणि आकाशातली युद्धे यांत माझे मन रमत नाही. कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘आकिरा’चे सहा खंड मी याच सुमारास अनुवादातून वाचले, कोसळणाऱ्या शहराची त्यातली चित्रे, एकेक खिडकी आणि एकेक तडा, पाहून थक्क व्हायला होते, पण मिटल्यावर त्यातले एकही माणूस माझ्यासोबत राहिले नाही.

२०२३च्या मार्चमध्ये मी जपानहून जुनी पुस्तके मागवली. तेव्हा तिकडे वापरलेले खंड करासह ११० येनला मिळत, म्हणजे साठ-सत्तर रुपयांना. मी अकरा खंड घेतले, त्यांचे सातशे-साडेसातशे रुपये झाले आणि पाठवणीचा खर्च ३,२०० रुपये. पार्सल भारतात आल्यावर १९ दिवस अडकून राहिले. कुरिअर कंपनीकडून आलेल्या पत्रात ओळखपत्र, पॅनची प्रत आणि खरेदीची पावती मागितली होती; माझी पावती संपूर्ण जपानीत होती आणि तीत पुस्तकांची नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. मी स्वतः इंग्रजीत यादी करून, प्रत्येक खंडाचे नाव, ‘छापील पुस्तक, वापरलेले’ असा शेरा आणि किंमत लिहून सही करून पाठवली, तेव्हा शुल्क आणि हाताळणीखर्च मिळून ६८० रुपये भरल्यावर पार्सल सुटले. त्या एकोणीस दिवसांत मी रोज दोनदा त्याचा क्रमांक टाकून पाहत असे, आणि ते कायमचे गेले असे एका रात्री मी घरी जाहीरही केले होते. पुढच्या वेळी विक्रेत्याला मागणी नोंदवतानाच नावांसह इंग्रजी पावती द्यायला सांगितले आणि ते पार्सल विनाविलंब आले.

त्या अकरांत माकोतो युकिमुरा यांच्या ‘प्लानेतेस’चे चारही खंड होते. ही मंगा १९९९ ते २००४ या काळात आली. तिच्यातली माणसे पृथ्वीभोवती फिरणारा अवकाशातला कचरा, ‘देबुरी’, गोळा करण्याची नोकरी करतात. निकामी उपग्रहांचे तुकडे, सुटलेला एखादा स्क्रू. पण कक्षेतल्या वेगामुळे त्या स्क्रूनेही माणसे मरतात. सुरुवातीलाच अशा अपघातात बायको गमावलेला एक माणूस तिचे होकायंत्र त्या सगळ्या कचऱ्यात शोधत असतो. मला अशी विज्ञानकथा आवडते, जिच्यात कोणीतरी पगारासाठी काम करते, दमते आणि घरी पत्र लिहिते. यातले निम्मे तांत्रिक शब्द मला कळले नाहीत, आणि एका पानाला सुरुवातीला पाऊण तास लागत असे. तरीही मी दर पान दोनदा वाचण्याची पद्धत ठेवली: पहिल्यांदा शब्दकोश न उघडता, केवळ चित्रे आणि कळतील ते शब्द घेऊन, आणि दुसऱ्यांदा अडलेले शब्द शोधून. पहिल्या वाचनात न कळलेले वाक्य चित्रामुळे कितीतरी वेळा आपोआप उलगडते, आणि ही सोय कादंबरीत नाही.

३ डिसेंबर २०२३ रोजी एन-४ दिली आणि उत्तीर्ण झाले. त्याबद्दल सांगण्यासारखे विशेष नाही.

एन-३ने मात्र माझी परीक्षा पाहिली. २०२४च्या जुलैसाठी अर्ज करायला मला उशीर झाला, पुण्यातल्या जागा संपल्या होत्या, म्हणून मी मुंबई केंद्र घेतले आणि आदल्या रात्री नणंदेकडे जाऊन राहिले. ७ जुलैला सकाळपासून पाऊस होता. परीक्षेला प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, एचबी पेन्सिली आणि खोडरबर एवढेच न्यावे, आणि काट्यांचे साधे घड्याळ जरूर न्यावे, कारण स्मार्ट घड्याळ चालत नाही आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर घड्याळ असेलच असे नाही. फोन बंद करून पिशवीत ठेवायचा; परीक्षा चालू असताना तो वाजला तर थेट बाद करतात. शब्दसंग्रहाला ३० मिनिटे, व्याकरण आणि वाचनाला ७०, श्रवणाला ४०. वाचनाचे उतारे मला सोपे गेले. श्रवणात ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, आणि तिसऱ्या प्रश्नापासून मी मागे पडले. एका प्रश्नाचा विचार करत राहिले की पुढचा निसटतो, आणि तो निसटला हे कळेपर्यंत त्याच्याही पुढचा सुरू होतो.

ऑगस्टच्या अखेरीस निकाल आला. भाषाज्ञान ४४, वाचन ४०, श्रवण १७, एकूण १०१. एन-३ला ९५ गुण पुरतात, आणि माझे १०१ होते, तरी पडद्यावर अनुत्तीर्ण असेच होते. कारण तीनही विभागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९ गुण मिळवावे लागतात. हा नियम मला माहीत होता. आपल्याला तो कधी लागू होईल असे मात्र वाटले नव्हते. दोन दिवस मी कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सेन्सेईंना फोन केला तेव्हा त्यांनी गुण विचारून घेतले आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही अडीच वर्षे डोळ्यांनी शिकलात. कानांना काही दिलेच नाही.” त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. मंगेतले प्रत्येक वाक्य मी माझ्या मनातल्या मराठी चालीत ऐकत आले होते.

कानांना काय द्यावे, याचेही उत्तर भयकथेनेच दिले. जपानमध्ये भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगतात, अंगावर शहारा येऊन गारवा वाटावा म्हणून. पितरांचा ओबोनचा सणही त्याच दिवसांत येतो. त्या सांगोवांगी कथांना काइदान म्हणतात, आणि त्या सांगणाऱ्यांचे कितीतरी ध्वनिमुद्रण आंतरजालावर विनामूल्य मिळते. हे कथेकरी संथ बोलतात, वाक्ये पुन्हा सांगतात, आणि महत्त्वाच्या जागी थांबतात. शिकणाऱ्याला याहून चांगला शिक्षक मिळणार नाही. सप्टेंबरपासून मी रोज जाता-येता बसमध्ये एक कथा ऐकू लागले: पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा लिहून ठेवलेल्या पाच शब्दांसह, आणि रात्री स्वयंपाक करताना तिच्यामागोमाग मोठ्याने म्हणत. त्यातली एक ‘होइची’ची होती, लाफ्कादिओ हर्न यांनी १९०४ साली इंग्रजीत आणलेली. मृतांपुढे बिवा हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या आंधळ्या होइचीच्या सर्वांगावर रक्षणासाठी बौद्ध सूत्र लिहितात, पण कानांवर लिहायचे राहून जाते, आणि पिशाच त्याचे कान तेवढे तोडून नेते. ती कथा मी स्वारगेटच्या थांब्यावर उभी राहून पहिल्यांदा शेवटापर्यंत समजून ऐकली आणि माझी बस समोरून निघून गेली.

पुनर्परीक्षेचा अर्ज मी नोंदणी सुरू झाली त्याच दिवशी भरला, या वेळी पुण्यात जागा मिळाली. याच महिन्यांत मी काझुओ उमेझु यांची ‘ह्योर्यू क्योशित्सु’, म्हणजे वाहून गेलेली वर्गखोली, मुळातून वाचत होते. १९७२ ते १९७४ दरम्यान मुलांच्या साप्ताहिकात आलेली असल्याने तिला फुरिगाना आहे. एक अख्खी प्राथमिक शाळा, मुले आणि शिक्षकांसह, उद्ध्वस्त झालेल्या भविष्यकाळात फेकली जाते. ती भयकथाही आहे आणि विज्ञानकथाही, आणि हे दोन प्रकार वेगळे ठेवण्याची आपल्याकडची सवय ती पुस्तकभर मोडून काढते. तिथे आधी मोठी माणसे ढासळतात. मुले पाण्याची वाटणी करतात, एकमेकांशी लढतात, पण उद्याचा विचार तीच करतात. उमेझुंची पात्रे किंचाळतात तेव्हा ‘ग्याऽऽ’ ही अक्षरे चौकट फोडून बाहेर येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी दुसऱ्या खंडात असताना, उमेझु गेल्याची बातमी आली. २८ ऑक्टोबरला, ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. त्या रात्री मी परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून तो खंड पूर्ण केला.

इथे पुस्तकाच्या बांधणीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे डाव्या पानाची शेवटची चौकट ही उलटण्याआधीची जागा असते. कसलेला भयकथाकार त्या चौकटीत दार, पाठमोरे डोके किंवा नुसता जिना काढतो, आणि जे पाहायचे ते पलीकडच्या उजव्या पानावर ठेवतो. ते पान उलटणारा हात आपला असतो. फोनवर एकेक चौकट सरकवत वाचले तर ही रचना नाहीशी होते. निदान भयकथा तरी छापील वाचावी असे माझे ठाम मत आहे. मतकरींच्या गूढकथेत हीच जागा शेवटचे वाक्य घेते. मला आता दोन्ही वाचताना हात थोडा थांबतो.

१ डिसेंबर २०२४ला परीक्षा झाली. श्रवणाच्या वेळी मी एकच नियम पाळला: उत्तर सुचले नाही तर अंदाजाने एक गोल काळा करायचा आणि त्या प्रश्नाकडे परत वळायचे नाही. जानेवारीच्या शेवटी निकाल पाहिला: भाषाज्ञान ४१, वाचन ४६, श्रवण २९, एकूण ११६. आकडे दोनदा वाचले आणि सेन्सेईंना संदेश पाठवला. प्रमाणपत्र मार्चमध्ये हाती आले. त्यासाठी ओळखपत्र आणि प्रवेशपत्राची प्रत दोन्ही लागली. तीन वर्षांत वर्ग, पाठ्यपुस्तके, चार परीक्षांचे शुल्क आणि जपानची पार्सले मिळून साधारण सत्तावन्न हजार रुपये खर्च झाले, त्यातला मोठा भाग वर्गांच्या शुल्काचा. ज्यांना परीक्षा नको आहे, केवळ वाचायचे आहे, त्यांनी एन-४ इतके शिकून फुरिगाना असलेली पुस्तके हाती घेतली तरी वाचन सुरू होते. मला मात्र परीक्षेच्या तारखेवाचून इतका नियमितपणा जमला नसता.

मे २०२५मध्ये आम्ही कुडाळजवळच्या घरी गेलो. २० तारखेला नारळीकर सर गेल्याची बातमी तिथेच कळली, आणि माडीवरच्या कपाटातून ‘यक्षांची देणगी’ची वडिलांची जुनी प्रत काढून मी दुपारभर ओटीवर वाचत बसले. सोबत शिगेरु मिझुकींचे एक पुस्तक नेले होते. युद्धात डावा हात गमावलेल्या या चित्रकाराने पुढे आयुष्यभर जपानी लोककथांतली भुते, योकाई, चितारली. त्यांतला ‘नुरिकाबे’ ही रात्री वाट अडवणारी अदृश्य भिंत आहे. माणूस चालत असतो आणि एकाएकी पुढे जाता येत नाही. आपला चकवा वाट फिरवतो, तो वाट बंद करतो. माझ्या आजीचे म्हणणे होते की चकवा लागला तर उजाडेपर्यंत एका जागी बसून राहावे. नुरिकाबेवरचा उतारा वेगळा आहे, काठीने त्याच्यावर प्रहार करायचा.

संध्याकाळी वीज गेली होती. काकी कंदिलाची काच पुसत होत्या. मी त्यांना ते चित्र दाखवले, शेजारचा मजकूर जपानीत वाचला आणि मग मराठीत सांगितला. त्यांनी पुस्तक हातात घेऊन ते डोळ्यांजवळ नेले, त्या राखाडी भिंतीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मगे काठी खंय मारूची?”

“खाली, काकी,” मी म्हणाले. “अगदी जमिनीलगत. वर मारली तर जात नाही.”